आई त्या मशीनला घाबरत नव्हती

आज माझ्या आईच्या चितेसमोर खोटं बोललं गेलं.

तेही माईकवरून.

माझा चुलत भाऊ, मोठ्या बाबांचा मुलगा, मोक्षधामातल्या शोकसभेत म्हणाला, "आमच्या बाबांनी गावात गवत कापायची पहिली मशीन आणली. काकूंना त्यातलं काही कळत नव्हतं. मशीनच्या मागे गेल्या आणि पाय गमावून बसल्या. पण जन्मभर हसत सोसलं त्यांनी."

लोकांनी माना डोलावल्या.

मी गप्प राहिले, कारण आई समोर होती. आता घरी आलेय. आता बोलते.

मशीन माझ्या आईनं आणली होती. सुमननं. तिच्या बागेच्या पैशातून.

साठच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव मोर्शीकडचं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. वडील अचानक गेले तेव्हा आई तिशीचीही नव्हती. बाग तिच्या वाट्याची, छोटा ट्रॅक्टर सामाईक. आणि सगळ्यांवर हुकूम मोठ्या बाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा.

बागेत गवत माजलं की ते खोल नांगर घालायला लावायचे. संत्र्याची मुळं वरवर असतात. ती तुटायची. मग खोडातून डिंक गळायचा आणि झाड वाळायचं.

आई म्हणायची, "गवत कापा ना. जमीन काहून फाडता?"

कोण ऐकतंय.

शेवटी अकोल्याच्या एका दुकानात गवत कापायच्या मशिनी आल्यात असं तिच्या कानावर आलं. तिनं हट्टच धरला. बाईनं एकटीनं कसं जायचं, म्हणून मोठे बाबा सोबत गेले.

दुकानात दोन मशिनी होत्या. एक रुंद, खाली दोन मोठ्या पात्या. दुसरी अरुंद, तिच्यात आडवा रूळ आणि रुळाला पिनांवर लोंबत्या बारक्या पात्या. रूळ फिरला की त्या गवत झोडपून बारीक करतात.

मोठ्या बाबांचा डोळा रुंदवाल्या मशीनवर.

भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बाईनं तोंड उघडायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज. आईनं पदर पुढे ओढला आणि दुकानदाराला विचारलं,

"दगड लागला तं?"

"मोठीची पाती तुटते. या लहानीच्या पात्या मागे सरकतात."

"आन मोठी चालवाले आमचा ट्रॅक्टर पुरन काय?"

दुकानदार मोठ्या बाबांकडे बघून म्हणाला, "नाही पुरणार, भाऊसाहेब."

प्रश्न आईचा. उत्तर भाऊसाहेबांना.

"मले लहानी पाह्यजे," आई म्हणाली. "दोन झाडांच्या मंधातून निघाली पाह्यजे."

तिनं पैसे मोजले आणि लहानी मशीन गावात आली.

रोज काम संपलं की ट्रॅक्टर बंद करून आई आणि आमचे ड्रायव्हर शंकरभाऊ मशीनपाशी बसायचे. रुळाला गुंडाळलेलं गवत काढायचं. दोन्ही टोकांना ग्रीस. पट्टा सैल पडला का ते दाबून बघायचं. एकेक पाती हलवून तिची पिन तपासायची. एक पाती तुटली तर तिच्या समोरचीही बदलायची, नाहीतर वजन चुकतं आणि रूळ थरथरतो.

आणि उडालेला दगड अडवणारा मागचा रबरी पडदा कधीच काढायचा नाही.

लोक हसायचे. "सुमनबाई मशीनची वेणीफणी करून राहिली."

झाडं मात्र सावरली. नवी पालवी आली.

मग आई मला अमरावतीच्या होस्टेलवर सोडायला आली.

तेवढ्यात मोठ्या बाबांनी न विचारता मशीन त्यांच्या पडीक वावरात नेली. तिथे बाभळीची झुडपं.

शंकरभाऊ म्हणाले, "मालक, हे गवताची मशीन हाये."

"तू चालव फक्त."

झुडपं अडकायला लागली तेव्हा पडदा काढायला लावला. दोन पात्या तुटल्या, तरी थांबू दिलं नाही.

आई एसटीतून उतरली आणि तिला आवाज आला. थरथरणाऱ्या रुळाचा आवाज ती ओळखायची. पिशवी हातात तशीच, ती थेट वावरात गेली आणि मागून शंकरभाऊंना हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिलं, तेवढ्यात एक पाती पिनेतून सुटली.

पडदा नव्हता. पाती सरळ आईच्या गुडघ्याखाली लागली.

हाडाचा चुरा झाला. पाय वाचला पण आखूड झाला. मरेपर्यंत ती लंगडत चालली.

दवाखान्यात तिच्या खाटेशी उभं राहून मोठे बाबा काय म्हणाले?

"बाईनं मशीनच्या मागं याचं काहून?"

हेच वाक्य गावानं उचललं. तेच आज आणखी सजवून सांगितलं गेलं.

मोठे बाबा मशीन भंगारात काढायला निघाले होते. आई कुबडीवर खळ्यात गेली आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलली.

"मशीन माही हाये. हात लावू नोका."

तिनं नवा पडदा बसवला, पात्या बसवल्या. ती मशीन पुढे किती तरी वर्षं आमच्या बागेत चालली. त्याच बागेवर मी शिकले, नोकरीला लागले.

अपघातानंतरच्या पावसाळ्यात मोठे बाबा स्वतः दारात आले. "मशीन पाह्यजे होती."

"नेजा," आई म्हणाली. "शंकर चालवन. बाभळीत जानार नाई. पडदा निघनार नाई."

ते तसेच परत गेले. माफी त्यांनी कधीच मागितली नाही. आईनं वाटही पाहिली नाही.

ते वारल्यावर मी विषय काढला की म्हणायची, "जाऊ दे वं बाई, मेलेल्या मानसाचं काय घेऊन बसली."

जाऊ देणार होते गं. पण आज तुझ्यासमोर तुलाच अडाणी ठरवलं.

दादा, तू हे वाचशीलच. फॅमिली ग्रुपवरही टाकतेय. शंकरभाऊ आहेत अजून, जाऊन विचार त्यांना. तेराव्याला तू बोलू नकोस. मी बोलणार आहे.

रडायचं राहूनच गेलंय. राग उतरला की रडीन.

आई, सावकाश जा. तुझ्या लेकीचा शेवटचा नमस्कार.