दातरंगीच्या चित्राचा उजवा कोपरा

१. रविवारी वनस्पतिशास्त्र विभागातर्फे आम्ही गिरडच्या टेकडीवर गेलो.
२. मी फुलावर आलेल्या दातरंगीच्या झाडाचं चित्र काढलं.
३. सोमवारी विभागप्रमुख सरांनी चित्राच्या कोपऱ्यातलं माझं नाव खोडरबराने पुसलं.

सर म्हणाले, "शास्त्रीय चित्र झाडाचं असतं बाई, काढणाऱ्याचं नसतं." मी "बरं" म्हटलं. वाळवलेल्या नमुन्यावर मात्र फांदी तोडणाऱ्याचं नाव असतं...

गिरडला सरपण घेऊन उतरणारी एक बाई माझ्यापाशी थांबली होती. "काय करून राह्यली व माय? एवढ्या वेळात तं झाडाले फळं लागतीन!" मग दातरंगीचीच साल पुढे केली. "चाव. मरत नाई." चावली... दात, जीभ, सगळं लाल! माझी सहकारी कुसुम बसमध्येही हसत होती.

आता कालचं. जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आल्यापासून आमच्याकडे झाडांची सगळी लेबलं नव्याने लिहिणं चालू आहे. लॅटिन नाव कशावरून पडलं तेही एका ओळीत द्यायचं, ही सरांचीच सूचना.

बोगनवेल एका फ्रेंच दर्यावर्दीच्या नावाची. आपट्याच्या वंशाला दोन शास्त्रज्ञ भावांचं नाव, पान जोडीचं म्हणून. मग दातरंगीची पाळी आली... एरेटिया.

लायब्ररीतल्या कोशातली ती नोंद मी दोनदा वाचली. हे नाव एका जर्मन चित्रकाराचं आहे! माळीकाम शिकलेला हा माणूस आयुष्यभर झाडाफुलांची चित्रं काढत राहिला. आणि त्याच्या नावाचं झाड आपल्या जिल्ह्यात लोकांचे दात रंगवतं!

लायब्ररीत मोठ्याने बोलायची मला सवय नाही. काल बोलले. कुसुम धावत आली, ओळ वाचली आणि म्हणाली, "आता सरांना म्हणावं, झाडाचंही नाव खोडा!"

ते मी म्हणणार नाही. सालीबद्दल त्या बाईंचे आभार मानते आणि सर हे भित्तिपत्रक रोज वाचतात, म्हणून इथेच विचारते.

सर, लेबलावर 'एका चित्रकाराच्या सन्मानार्थ' असं लिहिलं आहे. शनिवारी चित्रावर काच बसेल. उजवा कोपरा अजून मोकळा आहे... माझं नाव तिथे लिहू का, हे कृपया शुक्रवारपर्यंत कळवावं.