गोऱ्यांच्या कब्रस्तानातला इतिहासाचा तास

इतिहासाचा तास मी गोऱ्यांच्या कब्रस्तानात घेत होतो, न पोट्ट्यांले तो इतका आवडे का काही विचारू नका. नागपुरातली प्राथमिक शाळा, चौथीचा वर्ग, बहुतेक पोट्टे विणकरांच्या घरचे, न मी नवीनच लागलेला मास्तर. पुस्तकात सारा इतिहास दिल्लीचा नाही तर विलायतेचा. म्हटलं, आपल्या गावचा इतिहास शाळेमागच्या भिंतीपलीकडेच झोपून राहिला आहे, चला पाहू.

हेडमास्तर म्हणाले, "न्या. पण एका जरी घरून बोभाटा आला, तर मग वर्गात तुम्ही, खडू न पुस्तक. बस."

मी दगडांवरचं इंग्रजी मराठीत सांगे, पोट्टे पाटीवर लिहीत. हा साहेब रेल्वे आली तेव्हा पूल बांधायले आला. हा पलटणीतला, पटकीनं गेला. हे लेकरू तर चालायले शिकायच्या आधीच गेलं.

"म्हणजे गुर्जी, साहेबालेही हगवण लागे?" एकानं विचारलं, न सारा वर्ग तिथंच गोऱ्या सरकारवर हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच पोट्टे फाटकाशी. "गुर्जी, आजही इतिहास?" मग रोजच. मी असा फुगलो, की मनातल्या मनात इन्स्पेक्टर साहेबांपुढे भाषणही ठोकून टाकलं.

मग एक दिवस वर्गातल्या एकाची माय आली. पदर खोचलेला, बोटांले सुताचा रंग.

"काहून जी गुरुजी, माह्या मागाशी दुश्मनी आहे का तुमची?"

मले काहीच कळेना.

"मसणातून आलं का आंग धुवायचं, न त्या दिवशी मागाच्या कामाले हात नाही लावायचा. मोहल्ल्याची रीत आहे. शाळेतून आला का सूत कांड्यांवर गुंडाळायचं काम या पोट्ट्याचं. आता रोज म्हणते, माय, मी मसणात जाऊन आलो. घरोघरी हेच. लुगडं बाजारात न्यायचं आहे मले. कांड्या काय साहेबाचं मढं भरन?"

मी वर्गाकडे पाहिलं. सारे छताकडे पाहून राहिले होते. अन् हेडमास्तर दारात. माझा तास गेल्यातच जमा होता.

"मावशी, एकदा येऊन तर पाहा," मी म्हटलं.

आली बापा. कडुलिंबाखालून फिरली, एका दगडावर बोटानं ठोकून पाहिलं.

"इथं जाळत नाहीत?"

"नाही, पुरत होते. तेही माझ्या आजोबाच्या आधी. आता कोणालेच नाही."

लेकराच्या लहानशा दगडावरची पानं तिनं पदरानं झाडली. मग म्हणाली, "चिता नाही, धूर नाही, रडणारं कोणी नाही. याचा कायचा विटाळ? हा तर बगीचा आहे." न पोराकडे वळली. "पाय धुवायचे न सरळ कांड्यांवर बसायचं. मोहल्ल्यात मी सांगते."

जाता जाता हेडमास्तरांले सांगून गेली, तास चांगला आहे म्हणून. मले हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी कोणीच नाही. "चला इतिहासाले," म्हटलं, तर एकाचं पोट दुखे, दुसऱ्याले एकदम गणित आवडू लागलेलं. तरी ओढत नेलं. तिचा पोरगा सगळ्यांच्या मागं, तोंड पाडून. पुलावाल्या साहेबापाशी आलो न त्यानं हात वर केला.

"गुर्जी, हा इतिहास फार जुना झाला. नदीवरच्या मसणघाटावर ताजा भेटन ना?"