गाडीभर बाया आणि भिमाची जीप

मार्गासनी ते वेल्हे रस्त्यावर वडापची जीप चालवणारा भिमा अंगानं काडी होता, आवाज मात्र डोंगराला धडकून परत येईल असा. "नाव ठिवताना आयबापानं पोराकडं बगितलंच न्हाई," असं तो स्वतःच सांगायचा. लोक हसायचे. आणखी एक गोष्ट तो छाती फुगवून सांगायचा, "आपुन थोडी घेतली की गाडी जास्त सरळ चालती." लोक यावरही हसायचे आणि गाडीत बसायचे, कारण एसटी कधी येईल याचा नेम नसायचा.

त्या दिवशी वेल्ह्याचा बाजार होता. सकाळी बायकांना बाजारात सोडून भिमा तिथंच एका नातलगाच्या साखरपुड्याला गेला. पाहुण्यांनी लई आग्रह केला, असं पुढं तो सांगायचा आणि लगेच स्वतःच दुरुस्ती करायचा, "आग्रह कसला! म्याच मांडवामागं बाटली हुडकत फिरत हुतो."

दुपारी तो परतला तेव्हा जीप पिशव्या आणि बायांनी गच्च भरली होती. भिमानं ऐटीत दार उघडलं, "सरका, मावशी," म्हणत आत बसला आणि दोन्ही हातांनी समोर चाचपू लागला.

"स्टेरिंग कुणी काडून नेलं रं?"

तो डाव्या बाजूला, ठकुबाईच्या जवळजवळ मांडीवर बसला होता.

गाडीभर हसू फुटलं. भिमाही हसला, वळसा घालून आपल्या जागेवर आला. पण चावी काही केल्या भोकात जाईना. ते बघता बघता ठकुबाईचं हसणं थांबलं. केस पांढरे झालेली ही बाई वर्षानुवर्षं त्याच्याच जीपनं बाजार करत होती. ती खाली उतरली. मग मागचं दार वाजलं. एकेक करून सगळ्या उतरल्या.

"अवो, कुठं निगाला? बसा की! म्या ठीक हाय."

"ठीक हायस तर चावी लावून दाव," ठकुबाई त्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. "किल्ली दे."

"माजी गाडी हाय, मावशी."

"गाडी तुजीच हाय. जीव आमचं हायती."

भिमानं कर्णा वाजवला. सगळ्या बाया जीपसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्यात भाजीची पिशवी धरून त्याची बायको अश्विनी उभी होती. ती बाजाराला आलीय हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा हात कर्ण्यावरून आपोआप निघाला. ठकुबाईनं आत हात घालून त्याच्या दुसऱ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि कमरेच्या चंचीत पान-सुपारीशेजारी ठेवून दिली. बाया एसटीच्या थांब्याकडं गेल्या. भिमा रागारागानं सीटवर आडवा झाला आणि राग पुरता यायच्या आतच घोरू लागला.

जाग आल्यावर तो चालत, मग कुणाच्या तरी टेम्पोतून घरी पोचला. अश्विनी भाकरी थापत होती.

"चारचौघांत माजी इज्जत काडलीस," तो म्हणाला.

"तुमी गाडी घिऊन गेला की म्या घरी एकटीच भ्यायची," तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "आज गाडीभर बाया माज्यासंगट भ्याल्या. लई हलकं वाटलं बगा."

भिमानं चुलीशी बसून हळू आवाजात भाकरी मागितली. एवढा आवाज असलेल्या माणसाला ते फार जड गेलं.

सकाळी तो किल्ली मागायला गेला. "आ कर," ठकुबाई म्हणाली. त्यानं आ केला. तिनं वास घेतला, किल्ली दिली. दुसऱ्या दिवसापासून थांब्यावर रोज हेच सुरू झालं. एकदा त्यानं मूठभर बडीशेप चघळली, तर सगळ्या बायांनी मिळून आणखी जवळून हुंगलं. त्यानं खालच्या गावातून माणसं भरून बघितली. तिथल्या म्हातारीनंही पहिलं वाक्य टाकलं, "आ कर बाबा." मोबाईलवरून बातमी जीपच्या आधी पोचली होती. शेवटी तो स्वतःच जीपमधून उतरताना जबडा उघडूनच उतरू लागला. "जनावरांच्या बाजारात बैलाचं दात बगत्यात, तसं," तो म्हणायचा.

दारू पुरती सुटली असं नाही. पण गाडी चालवायच्या दिवशी तो थेंबाला शिवत नसे.

मग मार्गासनीत एक बारसं झालं. भोरच्या कचेरीत नोकरीला असलेले आनंदराव मोटारसायकलवर आले होते. जेवणानंतर निघाले तेव्हा स्टँड न काढताच गाडी ढकलत होते. भिमानं पुढं होऊन किल्ली काढून घेतली.

"तू कोण मला शिकवणारा?"

"म्या? आनंदराव, ह्या कामात म्या लई मोटा मानूस हाय. म्या स्टेरिंग डावीकडं हुडकलंय."

मांडवात हशा पिकला. आनंदराव काही हसले नाहीत. तेवढ्यात मांडवातलेच दोघं पुढं झाले, एकानं मोटारसायकल गोठ्यात लावली, दुसऱ्यानं त्यांना जीपमध्ये बसवलं. भोरपर्यंत सगळा रस्ता आनंदराव भिमाला बोलत होते, तक्रार करीन म्हणत होते, आणि भिमा "व्हय, करा की" म्हणत गिअर बदलत होता.

दार त्यांच्या बायकोनं, नलूताईंनी उघडलं. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, मग भिमाकडं.

"चहा घेऊन जा, भाऊ," त्या म्हणाल्या.

भिमानं चपला काढल्या आणि आत जाऊन बसला.