धड्यातले मास्तर

"सर, तुमच्या धड्यातले मास्तर गेले," एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला तो असा. आता तो उदगीरला डॉक्टर आहे, चांगला चाळिशीचा माणूस, बारावीला हबीबच्याच हाताखाली शिकलेला. पण हबीब सर गेले असं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. मी त्याच्यावर चिडलो, "नीट नाव घे" असं खेकसलोसुद्धा. फोन ठेवल्यावर मग खुर्चीत बसून राहिलो... कारण त्या पोराचं काय चुकलं होतं? हबीबला ते नाव मीच दिलं होतं, छापून दिलं होतं, आणि वर त्याबद्दल शाबासकीही घेतली होती.

आम्ही दोघं नांदेडला एम.ए. मराठीला एका खोलीत राहत होतो. हबीबसारखा वैताग आणणारा माणूस मी पाहिला नाही, हे आज तो नसतानाही लिहितो. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर त्याने जन्मात दिलं नाही. जेवलास का विचारलं तर म्हणणार, "बघू." लग्न ठरलं म्हणे तुझं? "लोक म्हणून राहिले." स्वतःबद्दल एक वाक्य बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. खानावळीच्या फळ्यावर मात्र 'भाजि' दिसली की भर गर्दीत खडू मागून दुरुस्त करायचा आणि मागे रांगेत मी भुकेला उभा. आम्ही वाद घालायचो तो कथा-कादंबऱ्यांतल्या माणसांवरून. मी कुठल्याही पात्राचा दोन ओळींत निकाल लावायचो, हा लबाड, हा नेभळट. हबीब म्हणायचा, "तुला लई घाई हाय रे." मला वाटायचं, याला स्वतःचं मत नाही म्हणून हा असं बोलतो.

भूकंप झाला तेव्हा मी लातूरला क्लासमध्ये शिकवत होतो. हबीब नांदेडहून आला आणि आम्ही दहा-बारा जण औसा तालुक्यातल्या एका गावी मदतीला गेलो. तिथे काय होतं ते लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी कॉलेजातली पोरं हातपाय गाळून बसली, तर हबीब एका उलथ्या बैलगाडीवर चढून त्यांच्याशी बोलला. असा बोलला की पोरं उठून परत दगड उचलायला लागली. मी थक्क झालो, हा एवढं बोलू शकतो? आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, दगडाखालून दप्तरं निघायला लागली तेव्हा, हा गडी बाजूला जाऊन ओकला, हात धुतले आणि लातूरकडे निघालेल्या टेम्पोत चढला. एका शब्दाने सांगितलं नाही. मी हाक मारली, त्याने मागे वळून पाहिलं नाही.

मी संतापलो होतो. पुढच्या वर्षी दिवाळी अंकात माझी कथा आली. आदल्या दिवशी सेवेवर भाषण ठोकणारा आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसून पळणारा एक मास्तर. नाव बदललं होतं, पण भाषण हबीबचं होतं, ओकणं हबीबचं होतं, लातुरात सगळ्यांनी ओळखलं. कथेतला 'मी' मात्र शेवटपर्यंत गावात राहतो. खरा मी पाचव्या दिवशी परतलो होतो, कारण नवी बॅच सुरू व्हायची होती. हे कथेत नव्हतं. कथेला बक्षीस मिळालं, लोकांनी "काय माणूस उभा केलाय" म्हणून पाठ थोपटली, आणि मीही थोपटून घेतली.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी दोन गोष्टी एकदम झाल्या. माझी कथा बारावीच्या मराठीच्या पुस्तकात धडा म्हणून लागली आणि हबीब लातूरला, माझ्याच क्लासमध्ये, मराठी शिकवायला आला. तोवर लातूरचं नाव झालं होतं. गल्लीगल्लीत क्लास, गच्चीगच्चीवर पत्र्याच्या खोल्या, एका बॅचला दोनशे पोरं. मराठीत कोणाचा जीव नव्हता, पण टक्केवारीत मराठीचेही मार्क धरायचे, म्हणून पोरं यायची. कथेतल्या मास्तराचं स्वभावचित्रण करा, हा प्रश्न हटकून यायचा, चार मार्कांचा. गाइडात त्याचे चार मुद्दे छापलेले: भित्रा, स्वार्थी, बोलघेवडा, संकटात साथ सोडणारा. एकदा हबीबच्या वर्गाबाहेरून जाताना माझे पाय थबकले. हबीब सावकाश, स्वच्छ आवाजात मुद्दे लिहून देत होता. "एक, भित्रा. खाली रेघ मारा." पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, तो मास्तर पुन्हा आला असंल का हो?" हबीब म्हणाला, "धड्यात न्हाई. धड्यात न्हाई त्याला मार्क न्हाईत. दोन, स्वार्थी."

मी तसाच पुढे सरकलो. संध्याकाळी चहाला बसलो तेव्हा विचारलं, "हबीब, तुला राग येत नाही माझा?"

त्याने बशीत चहा ओतला. "चार मुद्दे हायेत, चार मार्क हायेत. पोरांचं भलं होऊन राहिलं, तू कशाला जीव जाळून घेतोस?"

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, कातडी जाड आहे त्याची, काही लागत नाही त्याला. म्हणजे पुन्हा तेच, दोन ओळींत निकाल. सोळा-सतरा वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये डबे खाल्ले, आणि टेम्पोत बसल्यानंतर तू कुठे गेलास एवढं साधं मी त्याला कधी विचारलं नाही. बरं, तू तरी एकदा बोलायचंस की रे. तोंड होतं ना तुला?

हबीबच्या दफनाला नांदेडला गेलो, तेव्हा कब्रस्तानाच्या दाराशी एक पागोटेवाले गृहस्थ रडत होते. कुठले म्हणून विचारलं, तर भूकंपातल्या त्याच गावचे निघाले. "मास्तर आठवड्याभरानं माघारी आले की," त्यांनी सांगितलं. "पत्र्याच्या शेडात सहा महिने शाळा चालवली. माझी नात तिथंच अक्षर गिरवायला शिकली. तुमाला ठावं न्हाई?" लातूरहून ते गाव एस.टी.ने दीड तासावर. मला ठाऊक नव्हतं. मी परत गेलोच नव्हतो.

चाळिसाव्याला, हबीबला जाऊन चाळीस दिवस झाले तेव्हा, पुन्हा नांदेडला गेलो. हबीबचं घर जुन्या वस्तीत, खाली भावाचं बाइंडिंगचं दुकान, वर दोन खोल्या. त्याच्या बायकोने, शाहीनभाभींनी, मला त्याच्या खोलीत बसवलं आणि फळीवरून बारावीचं मराठीचं पुस्तक काढून दिलं. "हे तुम्हाला दाखवायचं होतं, भाई." पुस्तक दुप्पट जाड झालेलं. माझी कथा संपते तिथे, स्वाध्यायाच्या आधी, हबीबने कोरी पानं शिवून घेतली होती. जाड दोऱ्याने, खालच्या दुकानात बसून. आणि ती पानं पोरांच्या अक्षरांनी भरली होती. भाभी म्हणाल्या, परीक्षा झाली, मार्कांचं भ्या संपलं, की दर वर्षी दोघा-तिघांना बोलावून हे पुस्तक पुढे करायचे आणि म्हणायचे, आता पुढं काय झालं ते लिहा. एका पोराने मास्तराला आमदार केला होता. एकाने त्याला घाटात टेम्पोसकट दरीत ढकललं होतं. एका मुलीने लिहिलं होतं, मास्तर परत आला, पण तोंडाला फडकं होतं म्हणून कोणी ओळखलं नाही. प्रत्येकाखाली लाल शाईत, चारपैकी चार. दरीत ढकलणाऱ्यालाही. पुढे काय झालं त्याचं हबीबच्या हातचं एक अक्षर नव्हतं.

शेवटची दोन पानं कोरी होती. मी भाभींना विचारलं, यात मी लिहू का? त्यांनी मान डोलावली. मला खरंच भरून आलं होतं. हबीब, उशीर झाला रे, पण लिहितो, असं मनात म्हणत मी लिहिलं, 'आठव्या दिवशी मास्तर परत आला.'

भाभींनी पुस्तक जवळ ओढलं, चष्मा लावला. "आठवा कुठला, भाई? आठव्या दिवशी तर इथंच होते, ह्याच खोलीत. दोन घास पोटात न्हाईत, कुणाशी बोलणं न्हाई, नुसते हात धूत राहिले. नवव्या दिवशी सकाळी गेले. मी म्हटलं, नका जाऊ. तर म्हणाले, बघू."

एवढ्या वर्षांनी एक वाक्य लिहायला बसलो, तेही चुकलं. मी पेनाला टोपण लावलं.

"भाभी," मी म्हटलं, "तो टेम्पोतून उतरून घरी आला, तिथपासून सांगा."