मेहुण्याचा मायक्रो-आरएनए

जगातल्या कुठल्याही गोष्टीवरून मायक्रो-आरएनएपर्यंत पोचणारा माणूस पाहायचा असेल, तर गोंदियाला यावं आणि माझ्या मेहुण्याला नुसतं 'कसं काय' विचारावं. तो कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, पीएचडीही याच विषयातली. पण त्याचा खरा वर्ग भरतो कुडवा नाक्यावरच्या पानठेल्यावर. एकदा नागझिऱ्याला नेलं, तर सगळी जिप्सी वाघ शोधत होती आणि हा गाइडला पेशीत प्रथिनं कशी बनतात ते सांगत होता. वाघ आला कधी, गेला कधी, ते गाइडलाही कळलं नाही.

त्याचं लाडकं उदाहरण लग्नाच्या पंगतीचं. जनुक म्हणजे मांडवातला यजमान. तो निरोप धाडतो, 'भात टाका'; निरोप्या धावतो, आचारी भात टाकतो. पण वाटेत माझ्या सासूबाईंसारखी एखादी ठेंगणी बाई उभी असते. ती स्वतः काही रांधत नाही, फक्त म्हणते, "थांब, पुरे झाला भात." ती म्हणजे मायक्रो-आरएनए. ती जागेवरून हलली की निरोप अडत नाहीत, चुलीवर भाताची पातेली चढतच राहतात, आणि कॅन्सर बरेचदा असाच वाढतो. "अन् भाऊजी, तिले परत जागेवर बसवलं का झालं औषध." दवनीवाड्याच्या एका लग्नात तर त्यानं हे प्रयोग करून दाखवलं. स्वयंपाकाच्या दाराशी उभा राहून येईल तो निरोप अडवला. वऱ्हाड कोरड्या पत्रावळींसमोर बसून राहिलं, आणि नवरदेवाच्या मामानं त्याला जे ऐकवलं त्यात विज्ञान फारसं नव्हतं.

गेल्या वर्षी सासूबाईंच्याच छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी नागपूरला जायला सांगितलं, पण बाई हलायला तयार नाहीत. "मी कायले जाऊ नागपूरले? माह्या पोराचं औषध येऊन राहिलं ना." आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. इतकी वर्षं पोराचं ऐकून त्यांचा विश्वास पक्का बसला होता, आणि गाठ काही त्यांच्या विश्वासासाठी थांबणार नव्हती. शेवटी मेहुणा त्यांच्यापुढे बसला.

"आई, ते औषध अजून तयार नाही. तपासूनच राहिले लोक. तुह्या कामी नाही येणार. मी उगाच मोठ्या गोष्टी करत होतो."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग चाल नागपूरले. काऊन बसून राहिला?"

उपचार चालू आहेत. मेहुणा मात्र गप्प झाला. पानठेल्यावर लोक मुद्दाम विषय काढतात, तो पान तोंडात टाकून गाडीला किक मारतो. मला याचं फार वाईट वाटतं. परवा घरच्याच एका लग्नात सासूबाईंनी हट्टानं स्वयंपाकाच्या दाराशी खुर्ची टाकून घेतली. डोक्याला रुमाल, अंगात जीव थोडा, पण नजर तीच. मेहुणा शेजारी मुका उभा. वरपक्षाचा एक पाहुणा भाताचा निरोप घेऊन आला, त्याला त्यांनी हातानंच अडवलं आणि लेकाला म्हणाल्या, "सांग ना याले, मी कोण आहो ते."

मेहुणा सांगायला लागला. यजमानावरून निरोप्यावर यायलाच त्याला वेळ लागला. आजवर त्याच्या व्याख्यानातून पळ काढत आलेला मी तिथंच उभा राहिलो. वाटत होतं, आज यानं थांबू नये.