मतदानाआधीचा गुलाल

सकाळी दूध आणायला निघाले, तर मारुतीच्या देवळासमोरचा रस्ता गुलालाने माखलेला. ग्रामपंचायत बिनविरोध करायचं ठरलं म्हणे. काल संध्याकाळी देवळात दहा-बारा पुरुष बसले आणि त्यांनीच सगळी नावं पक्की केली. तिथे एकही बाई नव्हती, खालच्या आळीचं कुणी नव्हतं, तरणी पोरं तर नव्हतीच.

यंदाच अठराची झालेली शेजारची सायली पायरीशी उभी राहून माजी सरपंचांना विचारत होती, "आप्पा, माझं मत कुणी दिलं?"

"अगं, गावात भांडणं नकोत म्हणून केलं."

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरी भाजी कुठली करायची यावरून रोज वाद होतो, म्हणून कुणी चूल बंद ठेवत नाही. मग मतदानच का बंद? यांची शांतता नेहमी आमचंच तोंड दाबून कशी येते?

दुपारी सायली मैत्रिणींना घेऊन दारात आली. "मावशी, आमचं वय उभं राहण्याइतकं नाही. उद्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे. तुम्ही राहाल?"

चपलेचा गुलाल अजून निघाला नव्हता.

"राहते," म्हटलं. "पडले तर पडले. पण मला पाडायला तरी त्यांना मतदान घ्यावं लागेल."