रुतलेल्या चेंडूचा निवाडा

मी स्वतः गोल्फ वाईट खेळते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची हकिकत ऐकली की लोक मला मोठी खेळाडू समजतात. मी नागपुरातल्या एका शाळेत पी.टी. शिकवते. कबड्डी, खो-खो, सकाळची कवायत, क्रीडादिनाच्या आधी चुन्याच्या रेघा आखणं, हे माझं काम. घर मूळचं उमरेडचं, विणकरांचं. वडिलांनी माग सोडला तेव्हा मी लहान होते. त्यानंतर ते गांधीबागेतल्या एका ठोक कापडदुकानात तागे उचलत आणि उलगडत राहिले. आता ते नाहीत. आई माझ्याजवळ असते. आमच्या घरात कुणी गोल्फचा चेंडू हातात धरला नव्हता आणि त्याची कुणाला खंतही नव्हती.

गोल्फच्या मैदानावर मला नेलं ते आईच्या गुडघ्यानं. गुडघा दाखवायला आम्ही ज्या डॉक्टरबाईंकडे जायचो त्या हाडांच्या डॉक्टर, आणि गावातल्या गोल्फ क्लबच्या जुन्या खेळाडू. बायकांच्या गटात त्यांना हरवणारी सहसा सापडत नसे. मी पी.टी.ची बाई आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "रविवारी मोकळी आहेस का? आमच्या स्पर्धेत गुण लिहायला माणसं कमी पडतात."

मी गेले. मला वाटलं होतं की तिथं कपड्यांचा आणि चहापाण्याचाच थाट असेल. थाट होताच, पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. माझी उभी हयात शिट्टी फुंकण्यात गेलेली. पोरं पाय रेषेवर पडला तरी 'नाही पडला' म्हणून शपथा घेतात. इथे मात्र पंच दूर कुठेतरी, आणि झाडामागे एकट्या असलेल्या बाई स्वतःच ओरडून सांगत होत्या, "माझा चेंडू हलला, एक फटका दंड धरा." कुणी पाहिलंही नव्हतं. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं.

पुढच्या वेळी मी क्लबच्या मुख्य रेफरींना इतके प्रश्न विचारले की त्यांनी नियमांचं पुस्तकच माझ्या हातात ठेवलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. "वाचून बघा," ते म्हणाले, "झोप चांगली लागते." मला झोप लागली नाही. मी मराठी शाळेतली. पुस्तक इंग्रजीत, आणि एकेका वाक्याला तीन-तीन शेपट्या. पण कबड्डीचे नियम मी पोरींना शिकवलेले होते, आणि नियमाची एक गोष्ट मला ठाऊक होती: तो उदाहरणाशिवाय कळत नाही. म्हणून मी घरात मिळेल त्या वस्तूवर तो करून बघायची.

एका सकाळी आई कणीक मळत होती आणि मी ओट्याशी उभी राहून रुतलेल्या चेंडूचा नियम घोकत होते.

"काय पुटपुटून राहिली वं?" आईनं विचारलं.

मी टोपलीतलं लिंबू घेतलं आणि कणकेच्या गोळ्यात दाबलं. "हा चेंडू. उंचावरून आला आणि ओल्या मातीत असा रुतला. त्याचा थोडा भाग तरी जमिनीच्या पातळीखाली गेला, की तो रुतलेला. मग तो उचलायचा, पुसायचा, आणि जवळच पुन्हा टाकून खेळायचं. दंड नाही."

आईनं लिंबू बाहेर काढून खड्ड्याकडे बघितलं. "आन् तो खड्डा दुसऱ्याच कोणाचा असन तं?"

"तर सुटका नाही. खड्डा त्याच चेंडूनं, त्याच फटक्यात केलेला पाहिजे. आणि वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये रुतला, तर तिथंही सुटका नाही."

"तिथं काहून नाई?"

"वाळू मुद्दामच ठेवलेली असते. तिथं गेलात तर भोगा."

आईला हे पटलं. "बरं. लिंबू धुवून ठेव आता. कणकीले वास लागन."

खड्डा दुसऱ्याचा असेल तर, हा तिचा प्रश्न मी मुख्य रेफरींना सांगितला. ते म्हणाले, "रेफरीच्या परीक्षेत हाच विचारतात. आईंनाही बसवा." आई बसली नाही, मी बसले. पहिली परीक्षा पास झाले, मग दुसरीही. दुसरीला दुसऱ्या शहरात जावं लागलं. हॉलमध्ये बायका अगदी मोजक्या, आणि साडी नेसलेली मी एकटीच. निकाल आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर होते. पोरींना सांगितलं की तुमची बाई गोल्फची रेफरी झाली. एकीनं विचारलं, "म्हणजे मॅडम, आता तुम्ही शिट्टी कुठं वाजवणार?" मी म्हटलं, त्या खेळात शिट्टीच नाही. त्यांना तो खेळ फारच बेचव वाटला.

त्यानंतर आला क्लबच्या बायकांच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना. एका बाजूला डॉक्टरबाई. दुसऱ्या बाजूला नागपूरला लागून असलेल्या वाडी गावची एक कॉलेजातली मुलगी. तिच्या वडिलांची ट्रान्सपोर्टची गोदामं होती, आणि ती पोर गोदामामागच्या मोकळ्या जागेत ताडपत्री टांगून तिच्यावर फटके मारत शिकली होती. या सामन्यात प्रत्येक होलची, म्हणजे झेंडा लावलेल्या एकेका खळीची, वेगळी लढत असते; कमी फटक्यांत चेंडू आत घालील तिचं ते होल. जी जास्त होल जिंकेल ती विजेती. रेफरी दोघींबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतो आणि त्याचा शब्द अखेरचा असतो.

मुख्य रेफरींनी माझं नाव काढलं तेव्हा मी म्हटलं, "सर, मला नको. डॉक्टर मॅडमनीच मला इथं आणलंय."

"या क्लबात त्यांचे उपकार नसलेला माणूस मला दाखवा," ते म्हणाले, "मग त्याला पाठवतो."

पावसाळा सरत आला होता, पण काळी माती आतून अजून ओली होती. बुटांना चिकटून प्रत्येक पाऊल जड व्हायचं. सामना चांगला चालला होता. डॉक्टरबाई शांत, मोजून खेळणाऱ्या. मुलगी जोरकस, आणि चुकली की स्वतःवरच हसणारी. शेवटून दुसऱ्या होलला पोचलो तेव्हा दोघी बरोबरीत होत्या.

तिथे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या अलीकडे एक खोल बंकर आहे. डॉक्टरबाईंचा चेंडू आरामात हिरवळीवर पोचला. मुलीनं उंच फटका मारला तो तोकडा पडला. चेंडू वाळूत पडला नाही. तो बंकरच्या पलीकडच्या काठाला, गवत वाढलेल्या उभ्या उतारात, थप्पकन घुसला आणि तिथेच राहिला.

आम्ही जवळ गेलो. चेंडूचा निम्मा भागच वर दिसत होता.

"मॅडम, रुतला आहे असं वाटतं," मुलगी म्हणाली. "खूण करून बघू का?"

"बघ. अजून पुसू नकोस."

तिनं चेंडूमागे खूण रोवली आणि तो अलगद काढला. खाली स्वच्छ गोल खळगा होता, नव्यानं पडलेला, कडेला ओली माती फुटलेली. आम्ही तिघींनी तो चेंडू सरळ तिथे जाताना पाहिला होता. मी वाकून बोटानं कडा तपासली आणि म्हटलं, "रुतलेला आहे. दंडाशिवाय सुटका मिळेल."

"थांब," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा बंकर आहे. बंकरमध्ये सुटका नसते."

"बंकर म्हणजे खालची वाळू, मॅडम. ही काठाची मातीची भिंत बंकरमध्ये धरत नाहीत."

"आणि हे एवढं वाढलेलं गवत? आम्ही खेळायला लागलो तेव्हापासून नियम आहे, कापलेल्या गवतात रुतला तरच सुटका."

त्या खोटं बोलत नव्हत्या. जुना नियम तसाच होता, आणि त्यांनी आयुष्यातला बहुतेक खेळ त्याच नियमानं खेळला होता. मी म्हटलं, "तो बदलला, मॅडम. आता वाढलेल्या गवतातही मिळते."

त्यांचा चेहरा लाल झाला. "सरांना बोलाव. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे."

मुख्य रेफरी लांब झाडाखाली उभे होते, मला दिसत होते. हात वर केला असता तर ते आले असते, आणि मग निर्णय त्यांचा झाला असता, राग त्यांच्यावर गेला असता. आईचा गुडघा माझ्या डोळ्यांपुढे आला, हे मी लपवत नाही. पण मला शंका नव्हती, आणि शंका नसताना दुसऱ्याला विचारायचं म्हणजे खुर्ची रिकामी करून देण्यासारखंच होतं.

"या सामन्याची रेफरी मी आहे," मी म्हटलं. "निर्णय माझा आहे आणि तो झाला आहे."

माझा आवाज शाळेच्या मैदानावर असतो तसाच निघाला. डॉक्टरबाई हिरवळीकडे चालू लागल्या.

पुढचं काम सोपं नव्हतं. खळग्याच्या लगेच मागच्या जागेपासून एका क्लबच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, लांबीएवढी मोकळीक असते. त्यात झेंड्याच्या जवळ जायचं नाही आणि वाळूतही जायचं नाही. म्हणजे उरत होता फक्त उताराचा आडवा पट्टा. मुलीनं चेंडू पुसला आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडला. तो गडगडत वाळूत गेला.

"आता वाळूतून खेळू का?" तिनं विचारलं.

"नाही. जागेबाहेर गेला, पुन्हा सोड."

दुसऱ्यांदाही तो खाली गेला. आता नियम असा, की दुसऱ्या वेळी चेंडू जमिनीला जिथे पहिल्यांदा टेकला, तिथे तो हातानं ठेवायचा. मी ती जागा डोळ्यांत धरून ठेवली होती. तिनं ठेवला, तो थरथरला, घसरला. तिनं पुन्हा ठेवला. या वेळी गवताच्या एका झुपक्याला टेकून तो थांबला.

तिला एक पाय वाळूत आणि एक उतारावर ठेवून उभं राहावं लागलं. अशा अवघडलेल्या अंगानं तिनं जो फटका मारला, तो चेंडू हिरवळीवर मऊ उतरला आणि झेंड्याजवळ गेला. पुढच्या टोल्यात तिनं तो आत घातला. डॉक्टरबाईंनाही हिरवळीवर दोन टोले लागले, आणि होल बरोबरीत सुटलं. चेंडू मातीतच राहिला असता तर ते डॉक्टरबाईंचं होतं, हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

शेवटच्या होलवर डॉक्टरबाईंकडून अगदी जवळचा टोला चुकला आणि त्या हरल्या. त्यांनी मुलीला मिठी मारली. माझ्याशी हात मिळवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मुख्य रेफरी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "मी दुर्बिणीतून बघत होतो," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा टेकला ती जागा तुम्ही बरोबर धरलीत. तिथेच सगळे गोंधळतात." एवढंच बोलले. घरी जाताना मी ते मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं केलं. पण माझ्या गुडघ्याचं काय करतं?"

पुढच्या महिन्यात तिला दाखवायचं होतं. मी दुसरा डॉक्टर बघू म्हटलं, पण आई हटून बसली. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी नेहमीच्याच काळजीनं गुडघा दाबून, वाकवून पाहिला, गोळ्या बदलल्या. माझ्याशी एक शब्द नाही. उठता उठता आईच बोलली.

"बाई, हिच्यावर राग धरला काय तुमी?"

मी आईचा हात दाबला. तिनं तो सोडवून घेतला. "तिनं तुमच्या बाजूनं सांगतलं असतं, तं चाललं असतं काय तुमाले?"

डॉक्टरबाईंनी पेनचं टोपण लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नसतं चाललं. त्याच दिवशी घरी जाऊन पुस्तक काढलं मी. तू म्हणालीस तसंच आहे. फोन करायला हवा होता, केला नाही. राग आला होता. खरं सांगू, अजून थोडा आहे."

"असू द्या, मॅडम," मी म्हटलं.

"शेवटचा टोला माझा चुकला, तो काही तू चुकवला नाहीस. पुढच्या वर्षी फायनलला पोचले तर रेफरी तूच पाहिजेस. मी कमिटीला तसं सांगून ठेवलंय." आणि आईकडे वळून, "आणि तुम्ही रोज चालायचं. चुकवायचं नाही."

बाहेर येऊन आम्ही ऑटो केला. आई खूष होती; गुडघा धरून बसली होती तरी ऑटोवाल्याशी तिच्या गप्पा चालू झाल्या.

"हळू चालव गा. माझी पोरगी हाये सोबत. मोठेमोठे लोक खेळून राहिले असते, आन् फैसला हे करते."

ऑटोवाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. "कोर्टात आहेत का मॅडम?"

"नाई गा," आई म्हणाली. "कोर्टात वकील लागते. हिच्यापुढं नाई लागत."